कारकुनांची युद्धकला : कराटे नेमके कुठून आले?

कराटेच्या जन्माच्या दोन गोष्टी आपल्याकडच्या क्लासांमधून हमखास ऐकू येतात. पहिली शेतकऱ्यांची. सामुराईंनी ओकिनावा बेट जिंकले, लोकांची शस्त्रे काढून घेतली, आणि मग गरीब शेतकऱ्यांनी रात्री लपूनछपून सराव करत हातापायांचीच शस्त्रे बनवली. दुसरी बोधिधर्माची. दक्षिण भारतातला एक राजपुत्र भिक्षू होऊन चीनला गेला, शाओलिन मठात त्याने व्यायाम शिकवला, त्यातून कुंग फू निघाले आणि कुंग फूतून कराटे. म्हणजे मुळात कराटे आपलेच.

दोन्ही गोष्टी मुलांना आवडतात, पण जुन्या नोंदींशी ताडून पाहिले तर दोन्ही टिकत नाहीत. नोंदींतून जी हकीकत समोर येते ती मला या दोन्हींहून जास्त मोलाची वाटते. तिच्यातली माणसे म्हणजे दरबारातले कारकून, दुभाषे, जहाजांवरचे अधिकारी, राजाचे अंगरक्षक आणि शेवटी शाळामास्तर. आज आपली मुले पांढरा पोशाख घालून, रांगेत उभी राहून, "इची, नी, सान" मोजत जे करतात ते या माणसांनी घडवले. आणि त्यातला बराचसा भाग आपण समजतो तितका जुना नाही.

बंदरावर जगणारे राज्य

जपानच्या क्युशू बेटापासून तैवानपर्यंत लहान लहान बेटांची एक रांग गेली आहे. त्यातले सर्वांत मोठे बेट ओकिनावा. आज तो जपानचा प्रांत आहे, पण तिथे कित्येक शतके रयुक्यू नावाचे वेगळे राज्य होते. राजा वेगळा, भाषा वेगळी, दरबाराच्या रीती वेगळ्या. बेटावर आधी तीन राज्ये आपसांत भांडत होती. १४२९ मध्ये शो हाशी या राजाने ती एका छत्राखाली आणली. राजधानी शुरी, टेकडीवर किल्ला, आणि खाली थोड्याच अंतरावर नाहा बंदर.

या राज्याकडे जमीन थोडी आणि तीही फारशी पिकाऊ नव्हती. त्याचे खरे भांडवल म्हणजे जागा. चीन, जपान, कोरिया, सयाम, मलाक्का या सगळ्यांच्या दर्यामार्गांवर ते बसले होते. त्यातच मिंग सम्राटांनी चिनी लोकांच्या खासगी सागरी व्यापारावर बंदी घातली. चीनशी व्यापार करायचा तर परदेशी राजाने सम्राटाला नजराणा पाठवायचा, आणि त्या नजराण्याच्या जहाजांबरोबर मालाची देवघेव करायची, एवढाच राजमार्ग उरला. ओकिनावातल्या राज्याने १३७२ मध्येच हे नाते जोडले होते. इकडून घोडे आणि गंधक जाई, तिकडून रेशीम आणि चिनी मातीची भांडी येत.

या व्यवहाराने दोन जागा घडवल्या, आणि कराटेच्या इतिहासात त्या दोन्ही फार महत्त्वाच्या आहेत. पहिली, नाहाजवळची कुमे ही वस्ती. परंपरा सांगते की १३९२ मध्ये चीनच्या फुजियान प्रांतातून ३६ घराणी इथे येऊन राहिली. ३६ हा आकडा ढोबळच समजावा. पण जहाज बांधणारे, दिशा जाणणारे, दुभाषे, दरबारी चिनी पत्रे लिहिणारे असे लोक आले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे नांदले, यात शंका नाही. दुसरी जागा समुद्रापलीकडे, फुजियानमधल्या फूचौ शहरात. तिथे रयुक्यूच्या लोकांसाठी मुक्कामाचा स्वतंत्र वाडा होता. नजराण्याचे जहाज फूचौला लागले की मुख्य वकील मोजकी माणसे घेऊन बीजिंगचा लांबचा प्रवास करी. बाकीचे महिनोन्‌महिने फूचौमध्येच थांबत. काही तरुण तर वर्षानुवर्षे राहून कायदा, औषधोपचार, संगीत, ग्रह-ताऱ्यांचे गणित असे काय काय शिकत.

फुजियान हा दक्षिण चीनमधल्या मुष्टियुद्धाचा गड. श्वेत क्रौंच नावाची, जवळून लढण्याची, श्वासावर भर देणारी पद्धत तिथलीच. परदेशी शहरात हाताशी वेळ असलेला तरुण, आणि गल्लीत शिकवणारा उस्ताद. माझ्या मते कराटेची पाळेमुळे मठात शोधण्यापेक्षा या मुक्कामाच्या वाड्याभोवती शोधावीत.

याचा अर्थ कराटे सगळेच्या सगळे चिनी आहे असा नाही. ओकिनावात हाणामारीची स्वतःची रीत होती, तिला तिथे नुसते 'ती' म्हणजे हात म्हणत. चीनकडून आलेल्या विद्येला 'तोदे' म्हणजे चिनी हात म्हणू लागले. गावरान आंब्याच्या रोपावर दुसऱ्या जातीचे कलम बांधावे तसे हे झाले. मूळ इथले, डोळा तिथला. फळ मात्र दोन्हींहून वेगळे निघाले.

एका भरकटलेल्या जहाजाची साक्ष

या काळातल्या हाती लागणाऱ्या नोंदी थोड्या आहेत, म्हणून त्यातली एक सविस्तर सांगायला हवी.

१७६२ मध्ये रयुक्यूचे एक जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले. तिथल्या एका विद्वानाने जहाजावरच्या अधिकाऱ्यांना बसवून त्यांच्या देशाची बारीकसारीक माहिती विचारली आणि लिहून काढली. ती 'ओशिमा हिक्की' या नावाने ओळखली जाते. त्यात एका पेचिनने, म्हणजे रयुक्यूच्या दरबारी अधिकाऱ्याने, सांगितलेली आठवण आहे. काही वर्षांपूर्वी चीनहून कुसांकू नावाचा माणूस शिष्यांना घेऊन आला होता. अंगाने किरकोळ. एक हात छातीशी ठेवायचा, दुसऱ्या हाताने डाव टाकायचा, आणि पायांची कात्री घालून आपल्याहून थोराड माणसाला आडवा करायचा.

चीनचा सम्राट रयुक्यूच्या नव्या राजाला मान्यता द्यायला मोठे पथक पाठवत असे. चारशे-पाचशे माणसे, त्यात सैनिकही, आणि मुक्काम काही महिन्यांचा. १७५६ मध्ये असे पथक आले होते. कुसांकू त्यातूनच आला असावा, असे अभ्यासक मानतात. आज जगभरच्या स्पर्धांमध्ये कुसांकू नावाचा काता केला जातो, शोतोकान शैलीत त्यालाच कांकू म्हणतात. तोसाच्या किनाऱ्यावर लिहिला गेलेला तो परिच्छेद आणि आजचा हा काता यांना एकच नाव जोडते. कराटेच्या इतिहासात इतका जुना दुवा क्वचितच हाती लागतो.

काता म्हणजे काय, हेही इथेच सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. काता म्हणजे ठरावीक क्रमाने बांधलेल्या हालचालींची साखळी. पाहणाऱ्याला तो एकट्याने केलेला नाच वाटतो. पण प्रत्येक हालचालीत डाव आहे. मनगट पकडले तर काय, गळा धरला तर काय, मागून मिठी मारली तर काय. पुस्तके नव्हती, शिकवणे एकाकडून एकाकडे चाले. अशा वेळी आख्खी विद्या शरीरात साठवून पुढच्या पिढीला देण्याची ही युक्ती होती. क्रम पाठ झाला की गुरू एकेक डाव उलगडून दाखवी. ज्याला क्रम मिळाला पण उलगडा मिळाला नाही, त्याच्या हाती अर्धीच विद्या आली. आजच्या कित्येक क्लासांमध्ये नेमके हेच होते, आणि ते का होते हेही या इतिहासातच दडले आहे.

मग शेतकऱ्यांचे काय?

शस्त्रबंदीच्या गोष्टीत दोन प्रसंग मिसळले आहेत. पहिला राजा शो शिनच्या काळातला. त्याने १४७७ ते १५२६ राज्य केले आणि गावोगावच्या सरदारांना शुरीत आणून बसवले. १५०९ च्या सुमाराचा शुरीच्या किल्ल्यातला एक लेख सांगतो की तलवारी आणि धनुष्यबाण देशाच्या रक्षणासाठी साठवून ठेवले आहेत. पुढे काहींनी याचा अर्थ 'राजाने शस्त्रे जप्त केली' असा लावला. लेख नीट वाचला तर त्यात राजा शस्त्रागार भरल्याचा अभिमान सांगतो आहे.

दुसरा प्रसंग १६०९ चा. दक्षिण जपानच्या सात्सुमा प्रांताच्या शिमाझू सरदारांचे सुमारे ३००० सैनिक चालून आले, बंदुकांच्या जोरावर त्यांनी शुरी घेतली आणि राजा शो नेइला कैद करून जपानला नेले. यानंतर रयुक्यूची विचित्र अवस्था झाली. सात्सुमाला कर द्यायचा, आणि चीनला मात्र याचा सुगावा लागू न देता नजराणा पाठवत राहायचे. सात्सुमाने बंदुकांवर आणि शस्त्रांच्या व्यापारावर निर्बंध घातले हे खरे. पण बेटावर पावलोपावली सामुराई उभे नव्हते. नाहात सात्सुमाचे मोजके अधिकारी असत, आणि राज्यकारभार रयुक्यूचाच दरबार चालवी. घोड्यावरच्या सामुराईला उडती लाथ मारून खाली पाडणारा शेतकरी हे चित्र बरेच नंतरचे आहे. करांच्या ओझ्याखाली पिचलेल्या त्या शेतकऱ्याकडे वर्षानुवर्षे काता घोटायला फुरसत कुठली?

नावे बघितली की उत्तर मिळते. मात्सुमुरा सोकोन हा राजाचा अंगरक्षक. त्याने एकामागून एक राजांची सेवा केली आणि सात्सुमाला जाऊन तिथली जिगेन-रयू तलवारबाजीही शिकून आला. इतोसू आन्को दरबारातला लेखनिक. आसातो आन्को जहागीरदार घराण्यातला. मोतोबू चोकी राजघराण्याच्या शाखेतला. क्यान चोतोकूचे वडील राजाच्या जवळचे अधिकारी. ज्यांची नावे टिकली ते बहुतेक सगळे पेचिन किंवा त्याहून वरच्या वर्गातले, लिहिणारे-वाचणारे, चिनी अभिजात ग्रंथ शिकलेले. यांना पहारा द्यावा लागे, कराचा माल नेणाऱ्या जहाजांवर जावे लागे, वाटेत चाचे भेटत. स्वतःला सांभाळण्याची विद्या ही त्यांच्या नोकरीची गरज होती. सोबत ती घराण्याची मिरासही झाली, आणि मिरास म्हटली की ती घराबाहेर जाऊ न देणे ओघाने आलेच. गुप्ततेचे खरे कारण सामुराईंच्या भीतीपेक्षा यात अधिक आहे.

शेतीच्या अवजारांतून शस्त्रे निघाली, या म्हणण्यातही असाच घोळ आहे. साई हे त्रिशूळासारखे लोखंडी शस्त्र रयुक्यूचे पहारेकरी अधिकारी गुन्हेगार पकडायला वापरत. त्याने कोणी शेत नांगरले नाही.

बोधिधर्माबद्दल थोडक्यात. त्याचा उल्लेख असलेली सर्वांत जुनी नोंद ६व्या शतकातली, लुओयांगच्या मठांविषयीची. तिच्यात तो इराणकडून आलेला भिक्षू आहे. नंतरच्या नोंदीत तो दक्षिण भारतातला होतो. दोन्हींत कुठेही व्यायाम नाही, मुष्टियुद्ध नाही. त्याचे नाव व्यायामाशी जोडणारा ग्रंथ १७व्या शतकातला आहे, म्हणजे हजार वर्षांनंतरचा, आणि त्याच्या जुन्या म्हणवणाऱ्या प्रस्तावना बनावट असल्याचे चिनी संशोधकांनीच १९३०च्या दशकात दाखवून दिले. बोधिधर्म हा ध्यानपरंपरेचा थोर पुरुष म्हणून आपल्याला पुरेसा अभिमानास्पद आहे. त्याच्या पदरात ठोसे-लाथा बांधायची गरज नाही. आणि खुद्द इतोसू आन्कोने १९०८ मध्ये स्वच्छ लिहून ठेवले आहे की तोदे बौद्ध किंवा कन्फ्यूशियसच्या मार्गातून निघालेले नाही.

राज्य बुडाले आणि विद्या शाळेत आली

१८६६ मध्ये चीनचे मान्यता देणारे पथक शेवटचे आले. पुढच्याच वर्षी शुरीत त्यानिमित्त जो समारंभ झाला त्याची कार्यक्रमपत्रिका उपलब्ध आहे. कुमेच्या मंडळींनी त्यात ढाल-भाल्याचे खेळ, साई आणि हातांचे प्रयोग करून दाखवले. त्या यादीत सेइसान हा काता आहे, १०८ पावलांचा काताही आहे. म्हणजे राज्य बुडण्याच्या उंबरठ्यावर ही विद्या दरबारासमोर मानाने सादर होत होती. ती सगळीच्या सगळी अंधारात लपवलेली होती, हे म्हणणे इथे खोटे पडते.

१८७९ मध्ये मेइजी सरकारने रयुक्यू राज्य खालसा केले. राजा शो ताइला तोक्योला नेण्यात आले आणि ओकिनावा हा जपानचा प्रांत झाला. पेचिन घराण्यांची तनखा-जमिनीची घडी विस्कटली. अंगरक्षकाला राखायला राजा उरला नाही, लेखनिकाला दरबार उरला नाही. एखादी दरबारी कला अशा वेळी दोन पिढ्यांत संपते. ही संपली नाही याचे श्रेय मी सर्वांत आधी इतोसू आन्कोला देईन.

इतोसूचा जन्म १८३१ चा. राज्य गेले तेव्हा तो पन्नाशीच्या घरात होता. १९०१ च्या सुमारास त्याने शुरीच्या प्राथमिक शाळेत तोदे शिकवायला सुरुवात केली, नंतर माध्यमिक शाळेतही. जी गोष्ट रात्री, अंगणात, एका शिष्याला शिकवायची, ती भर दिवसा मैदानावर डझनावारी मुलांना शिकवायची होती. त्यासाठी त्याने ती बदलली. लांब आणि अवघड कातांतले तुकडे घेऊन मुलांना झेपतील असे पाच काता बांधले. तेच पिनान, पुढे जपानी उच्चाराने हेइआन. डोळे, गळा, सांधे यांवरचे घातक प्रयोग शिकवण्यातून मागे पडले. त्याचे शिष्य हानाशिरो चोमो आणि याबू केन्त्सू लष्करात राहून आलेले होते. रांगा, मोजणी, हुकूम, सगळ्यांनी एकदम वळणे हे शाळेच्या आणि लष्कराच्या कवायतीतून कराटेत शिरले. आपण ज्याला प्राचीन पूर्वेकडची शिस्त समजतो तिचा मोठा भाग २०व्या शतकाच्या आरंभीच्या शाळेच्या पटांगणावरचा आहे.

ऑक्टोबर १९०८ मध्ये इतोसूने शिक्षणखात्यासाठी दहा मुद्द्यांचे पत्र लिहिले. कराटेच्या इतिहासात एकच कागद वाचायचा तर तो हा. त्यात तो सांगतो की ही विद्या केवळ अंग कमावण्यासाठी नाही, वेळ आली तर आईवडिलांसाठी आणि राजासाठी जीव देण्याची तयारी करून घेते. सरावाच्या खांबावर रोज शे-दोनशे ठोसे मारावेत असे सांगतो. शिक्षक तयार करणाऱ्या शाळेत आधी शिकवा, तिथून ती देशभर पसरेल, लष्कराला धट्टीकट्टी मुले मिळतील, असे पटवून देतो. आणि पुरावा म्हणून वॉटर्लूची लढाई जिंकलेल्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे खेळाच्या मैदानाविषयीचे वचन देतो! शुरीच्या दरबारातला म्हातारा लेखनिक, चिनी विद्या, जपानी शिक्षणखाते आणि इंग्रज सेनापती, सगळे एका पत्रात. मला या पत्रात एक शहाणा माणूस दिसतो. नव्या राजवटीला काय हवे आहे ते ओळखून, त्या भाषेत बोलून, तो आपली जुनी ठेव वाचवतो आहे.

तिकडे नाहात वेगळे घडत होते. हिगाओन्ना कानरयो फूचौला जाऊन वर्षे काढून आला आणि त्याने सांचिन हा श्वासाचा, अंग आवळून करायचा काता नाहात रुजवला. त्याचा शिष्य मियागी चोजुन याने त्या परंपरेला गोजू-रयू, म्हणजे कठीण आणि मऊ यांची शैली, असे नाव दिले. उएची कानबुन १८९७ मध्ये फूचौला गेला. सक्तीची लष्करभरती टाळणे हेही त्याच्या जाण्याचे एक कारण सांगतात. शुरी, नाहा आणि तोमारी अशा तीन परंपरा पाठ्यपुस्तकी पद्धतीने वेगळ्या सांगितल्या जातात खऱ्या, पण या तिन्ही जागा एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर. माणसे एकमेकांकडे शिकत, काता इकडून तिकडे जात. या वर्गवारीला फार चिकटून राहू नये.

मास्तर तोक्योला जातात

फुनाकोशी गिचिन १८६८ मध्ये शुरीत जन्मला, तब्येतीने अशक्त मूल. तोक्योच्या वैद्यकीय शाळेत जायची त्याची इच्छा होती, पण जुन्या वळणाच्या घराला डोक्यावरची शेंडीची गाठ कापणे मान्य नव्हते, आणि नव्या शाळेत ती चालत नव्हती. शेवटी तो गाठ कापून शिक्षकच झाला. दिवसा मुलांना शिकवायचे, रात्री कंदील घेऊन आसातो आन्कोच्या घरी जायचे. आसातो ओसरीवर ताठ बसून पाही आणि म्हणे, पुन्हा कर. एकेक काता वर्षानुवर्षे, पूर्ण समाधान होईपर्यंत. पुढचा तोवर नाहीच.

१९२१ मध्ये जपानचा युवराज हिरोहितो ओकिनावाला आला तेव्हा शुरीच्या किल्ल्यात फुनाकोशीने विद्यार्थ्यांकडून प्रात्यक्षिक करवले. १९२२ मध्ये शिक्षणखात्याच्या प्रदर्शनासाठी तो तोक्योला गेला. तिथे ज्यूदोचा संस्थापक कानो जिगोरो याने त्याला आपल्या कोदोकान या ज्यूदोच्या शाळेत बोलावले. परत जायचे ते राहून गेले. पन्नाशी उलटलेला हा मास्तर ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात एका लहानशा खोलीत राहिला, झाडलोट आणि बागकाम करून दिवस काढले, आणि मोकळ्या वेळी तिथेच शिकवले. बायको ओकिनावातच राहिली. कराटे जगभर गेले त्याच्या मुळाशी हा त्याग आहे, आणि तो फार थोड्या क्लासांत सांगितला जातो.

कानोच्या सहवासात कराटेला आजचे रूप आले. पांढरा पोशाख ज्यूदोवरून बेतला. दान श्रेणी ज्यूदोच्या. फुनाकोशीने पहिले काळे पट्टे एप्रिल १९२४ मध्ये दिले. त्याआधी ओकिनावात ना पट्टा होता ना गणवेश. उन्हाळ्यात लोक उघड्या अंगाने, आखूड कपड्यांत सराव करत. पिवळा, हिरवा, निळा, तपकिरी असे रंगांचे पट्टे तर आणखी नंतरचे, ते युरोपातल्या ज्यूदो वर्गांमधून रूढ झाले. 'पट्टा मळत मळत काळा होतो' ही कथा म्हणून निव्वळ कथाच आहे. १९२४ मध्येच केइओ विद्यापीठात कराटे मंडळ निघाले. विद्यार्थी तरुण, त्यांना नुसत्या काताने समाधान होईना, त्यांनी मोकळी झुंज मागितली आणि सुरूही केली. फुनाकोशीला ती पसंत नव्हती. आजच्या कुमिते, म्हणजे झुंजीच्या, स्पर्धांची सुरुवात या विद्यापीठांच्या मंडळांत आहे.

सगळेच त्याच्यासारखे सौम्य नव्हते. मोतोबू चोकीने पन्नाशीच्या वयात क्योतोत एका परदेशी मुष्टियोद्ध्याला लोळवले. १९२५ मध्ये एका लोकप्रिय मासिकाने ती हकीकत छापली, पण चित्रात चेहरा काढला फुनाकोशीचा. मोतोबू चिडला, आणि ते साहजिकच होते. माबुनी केन्वा ओसाकात स्थिरावला. इतोसू आणि हिगाओन्ना या आपल्या दोन्ही गुरूंच्या नावांतली अक्षरे जोडून त्याने शैलीला शितो-रयू म्हटले. ओत्सुका हिरोनोरीने जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजविद्येशी सांगड घालून वादो-रयू काढली. आज ज्या 'चार मोठ्या शैली' सांगतात त्या, म्हणजे शोतोकान, गोजू-रयू, शितो-रयू आणि वादो-रयू, या सगळ्यांची नावे १९२० ते १९४० या दोन दशकांतली आहेत.

याच काळात नावही बदलले, आणि त्यामागे राजकारण होते. 'तोदे' लिहिताना वापरायच्या चिन्हाचा अर्थ चीन. तेच चिन्ह जपानीत 'कारा'ही वाचता येते, आणि रिकामे या अर्थाच्या दुसऱ्या चिन्हाचा उच्चारही 'कारा'. हानाशिरो चोमोने १९०५ मध्येच दुसरे चिन्ह वापरले होते. पण १९३१ मध्ये जपानने मांचुरिया घेतला, चीनशी युद्धाचे वारे वाहू लागले, तेव्हा चीनचे नाव मिरवणारी कला जपानी संस्थांना नकोशी झाली. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहात एका वृत्तपत्राने ओकिनावाच्या गुरूंची बैठक बोलावली आणि 'रिकामा हात' हे नाव नक्की झाले. कातांची चिनी वळणाची नावेही फुनाकोशीने जपानी केली. टिकण्यासाठी हे करावे लागले असेल. पण फूचौचे ऋण त्यामुळे दोन पिढ्यांच्या आठवणीतून पुसले गेले, हे नुकसान मला मोठे वाटते.

१९४५ आणि नंतर

एप्रिल ते जून १९४५, ओकिनावाची लढाई. शुरीच्या किल्ल्याखाली जपानी लष्कराचे मुख्य ठाणे होते, म्हणून किल्ला आणि आख्खे शहर तोफांनी भुईसपाट झाले. बेटावरच्या नागरिकांपैकी सुमारे चौथा हिस्सा मारला गेला. क्यान चोतोकू लढाईतून वाचला आणि त्याच वर्षी उपासमारीने गेला. मियागी चोजुनने ज्याला वारस मानले तो शिष्य मारला गेला. घरोघरची हस्तलिखिते, वंशावळी, दरबारी दप्तरे जळाली. कराटेच्या इतिहासात इतक्या जागा रिकाम्या का, आणि त्या जागी शेतकऱ्यांच्या आणि भिक्षूंच्या गोष्टी इतक्या सहज का बसल्या, याचे एक मोठे कारण ही तीन महिन्यांची लढाई आहे. तोक्योतली फुनाकोशीची शोतोकान वास्तूही त्याच वर्षी बाँबहल्ल्यात गेली.

पुढे १९७२ पर्यंत ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात होते. तळांवरचे अमेरिकन सैनिक स्थानिक गुरूंकडे शिकले आणि मायदेशी परतून त्यांनी वर्ग काढले. तोक्योतून जपान कराटे असोसिएशनने प्रशिक्षक परदेशी धाडले. या दोन वाटांनी कराटे जगभर पोहोचले. जगाकडे गेले ते इतोसूने शाळेसाठी सोपे केलेले आणि विद्यापीठांनी झुंजीचे केलेले रूप. कातातले डाव उलगडून न सांगता नुसता क्रम घोटून घेणारे क्लास आज दिसतात, ते याच रूपाचे वारस.

तोक्यो ऑलिंपिकमध्ये कराटे पहिल्यांदा आले, २०२१ मध्ये. पुरुषांच्या कातात सुवर्ण मिळाले ओकिनावाच्या रयो कियुनाला. ओकिनावाच्या खेळाडूचे ते पहिलेच ऑलिंपिक सुवर्ण. त्याची शैली रयूएइ-रयू. ती नाकाइमा या कुमेच्या घराण्याची. त्या घराण्याची परंपरा सांगते की त्यांचा पूर्वज १८३९ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, फूचौला जाऊन ही विद्या शिकून आला. पुढे पिढ्यान्‌पिढ्या ती बापाकडून मुलाकडेच जात राहिली. १९७०च्या दशकात त्याच घराण्यातल्या नाकाइमा केन्कोने ती पहिल्यांदा बाहेरच्यांना शिकवली, आणि त्याचा शिष्य साकुमोतो त्सुगुओ हा कियुनाचा गुरू.